डॅशबोर्डमधला संगणक: माल वाहणाऱ्या व्यापाऱ्याने काय बसवावे आणि कसे बसवावे

पालघर, बोईसर आणि तारापूर या पट्ट्यात धंदा करणाऱ्याचा निम्मा दिवस रस्त्यावर जातो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, पोलाद आणि कापड असे चारही प्रकारचे कारखाने आहेत. त्यांच्यामधून माल नेणारे छोटे टेम्पो दिवसभर चिल्हार फाटा, मनोर आणि पालघर यांच्या दरम्यान धावत असतात. कापडाच्या धंद्यात तर एकच माल तीन-चार वेळा गाडीत चढतो आणि उतरतो. भिवंडीच्या मागावरून ग्रे कापड प्रोसेस हाउसला येते, तिथून तयार होऊन गोदामात जाते आणि गोदामातून गिऱ्हाईकाकडे जाते. प्रत्येक चढ-उताराला तागे मोजले जातात, चालान फाटते, सही होते आणि तरीही महिनाअखेरीस हिशोब जुळत नाही.

अलीकडे काही तरुण आपल्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये स्वतः जुळवलेला छोटा संगणक बसवू लागले आहेत. बहुतेकांचा उद्देश गाणी आणि नकाशे एवढाच असतो. परंतु हेच यंत्र नीट विचार करून बसवले तर ते गाडीतला मुनीम होऊ शकते. ते कसे जुळवावे, कुठे फसते आणि कोणाला त्याची गरजच नाही, याची माहिती व्यापारी बांधवांना व्हावी म्हणून हा लेख.

हे यंत्र आले कुठून?

डॅशबोर्डमध्ये पडदा बसवण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील ब्यूक कंपनीने १९८६ सालच्या रिव्हिएरा मोटारीत बोटाने चालणारा पडदा दिला होता. तेव्हाही मुख्य तक्रार हीच झाली की साधे बटण हाताने चाचपून दाबता येते, पडद्याकडे मात्र पाहावे लागते. पुढे २००१ साली तैवानच्या व्हिया कंपनीने मिनी आयटीएक्स नावाचा बोर्ड आणला. तो १७ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद होता. त्यानंतर युरोप-अमेरिकेतील हौशी लोकांनी मोटारीत पूर्ण संगणक बसवायला सुरुवात केली. २०१२ साली इंग्लंडमधील रास्पबेरी पाय हा पत्त्याच्या डावाएवढा संगणक बाजारात आला आणि हे काम सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. आज तयार अँड्रॉइड स्टिरिओ लॅमिंग्टन रोडपासून बोईसरच्या दुकानापर्यंत सगळीकडे मिळतात. पण तयार स्टिरिओ विकणाऱ्याच्या सोयीने बनलेला असतो. आपल्या मालाच्या नोंदीसाठी आपल्याला हवे तसे यंत्र जुळवावे लागते.

आधी गरज ठरवा

ज्याची एकच गाडी आहे आणि ती तो स्वतः चालवतो, त्याला या यंत्राची गरज नाही. डॅशबोर्डवर पक्का स्टँड आणि त्यात मोबाईल, एवढ्यात त्याचे काम भागते. जिथे दोन-तीन गाड्या आहेत आणि चालक बदलत असतात, तिथे अडचण येते. चालक गेला की त्याचा मोबाईल जातो आणि मोबाईलबरोबर नोंदीही जातात. गाडीत पक्के बसवलेले यंत्र गाडीबरोबर राहते. त्याला बारकोड स्कॅनर कायमचा जोडता येतो, चार्जिंग संपण्याचा प्रश्न येत नाही आणि त्यावर दुसरे काही चालत नाही.

म्हणून सल्ला असा की ज्या नोंदी ठेवायच्या आहेत त्या पहिला महिना मोबाईलवर ठेवून पाहाव्यात. महिनाभरात चालक आणि गोदामातला माणूस दोघांनी त्या नियमाने भरल्या, तरच यंत्रावर पैसा घालावा. वहीत जो लिहीत नाही, तो संगणकावरही लिहिणार नाही.

साहित्य काय लागते?

पहिली वस्तू म्हणजे संगणकाचा बोर्ड. रास्पबेरी पाय ४ किंवा त्याच ताकदीचा दुसरा बोर्ड या कामाला पुरेसा आहे. दुसरी वस्तू सात इंची टच पडदा. स्टिरिओच्या ज्या मोठ्या खाचेला दुकानदार डबल डिन म्हणतात ती साधारण १७८ मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर उंच असते आणि सात इंची पडदा तिच्यात बेताचा बसतो. तिसरी वस्तू जीपीएसचा रिसीव्हर. चौथी, यूएसबीचा बारकोड स्कॅनर. हा स्कॅनर संगणकाला कीबोर्डसारखाच वाटतो, त्यामुळे त्यासाठी वेगळी करामत करावी लागत नाही. पाचवी, सिम कार्डचा डोंगल. आणि सहावी, सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे गाडीच्या विजेचे संगणकाच्या विजेत रूपांतर करणारा कन्व्हर्टर.

बहुतेक लोक पहिल्या पाच वस्तूंवर खर्च करतात आणि सहावी स्वस्तातली घेतात. यंत्र बंद पडते ते याच ठिकाणी.

खरी अडचण विजेची

घरातली वीज आणि गाडीतली वीज यांत फरक आहे. गाडीची बॅटरी बारा व्होल्टची म्हणतात, परंतु इंजिन चालू असताना अल्टरनेटर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट देतो. स्टार्टर मारला की हाच दाब काही क्षण आठ-नऊ व्होल्टपर्यंत किंवा त्याखालीही जातो. चालू इंजिनवर बॅटरीची तार निसटली तर दाब उलट कित्येक पटींनी उसळतो. मोठ्या ट्रकमध्ये तर मुळातच चोवीस व्होल्ट असतात. संगणकाच्या बोर्डाला मात्र पक्के पाच व्होल्ट हवे असतात.

म्हणून कन्व्हर्टर गाडीसाठीच बनवलेला असावा. कमी दाबावरही तो चालला पाहिजे आणि उसळी आली तर ती त्याने स्वतःवर घेतली पाहिजे. बोर्ड, पडदा आणि स्कॅनर मिळून पाच व्होल्टवर साधारण चार अँपिअर लागतात असे धरले, तर कन्व्हर्टर किमान सहा अँपिअरचा घ्यावा. काही जण गाडीत इन्व्हर्टर बसवून त्यावर मोबाईलचा चार्जर लावतात. यात बारा व्होल्टचे दोनशे तीस करून पुन्हा पाच करायचे, म्हणजे दोनदा वीज वाया घालवायची. शिवाय स्टार्टर मारताच इन्व्हर्टर बंद पडून संगणकही बंद पडतो.

दुसरी अडचण बंद करण्याची. चावी फिरवली की दिवा विझतो, तसा संगणक एकदम विझवता येत नाही. लिहिण्याचे काम अर्धवट असताना वीज गेली तर मेमरी कार्डावरची नोंद बिघडते आणि कधी कधी पूर्ण कार्डच वाचता येत नाही. यावर उपाय असा. स्टिरिओच्या जागी साधारणपणे तीन तारा मिळतात. पिवळ्या तारेत बॅटरीची कायमची वीज असते, लाल तारेत चावी फिरवल्यावरच वीज येते आणि काळी तार अर्थिंगची असते. संगणकाला वीज पिवळ्या तारेतून द्यावी आणि लाल तारेचा उपयोग फक्त निरोपासाठी करावा. चावी बंद झाली की निरोप जातो, संगणक आपले काम आवरतो आणि साधारण एक मिनिटाने टायमरचा रिले पिवळी तार तोडतो. सर्व गाड्यांत रंग सारखेच असतील असे नाही, म्हणून मल्टिमीटरने तपासल्याशिवाय एकही तार जोडू नये.

रिले बसवला नाही तर काय होते त्याचा हिशोब सोपा आहे. समजा यंत्र बंद गाडीतही अर्धा अँपिअर ओढत राहिले. चोवीस तासांत बारा अँपिअर-तास गेले. छोट्या टेम्पोची बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांची धरली तर तिसऱ्या दिवशी ती रिकामी होते आणि इंजिन सुरू होण्याची ताकद त्याच्याही आधी जाते. ईदच्या सुट्टीनंतर गाडी ढकलण्याची वेळ येते ती अशी.

ऊन, धूळ आणि खड्डे

एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडी उन्हात उभी राहिली की डॅशबोर्डचा वरचा भाग सत्तर अंशांच्या पुढे तापू शकतो. रास्पबेरी पायचा बोर्ड ऐंशी अंशांच्या आसपास स्वतःहून आपला वेग कमी करतो. म्हणून बोर्ड डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला न बसवता सीटखाली किंवा डॅशबोर्डच्या खालच्या बाजूला बसवावा आणि वर फक्त पडदा न्यावा. याच कारणाने डॅशबोर्डच्या आत पॉवर बँक किंवा कोणतीही लिथियमची बॅटरी कधीही ठेवू नये. ती तापून फुगते आणि पेटूही शकते. शेजारी कापडाचे तागे असतील तर पुढे काय होईल ते सांगायला नको.

कापड वाहणाऱ्या गाडीत आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे बारीक तंतू. ग्रे कापडाचे तंतू पंख्यात अडकून त्याचा गोळा होतो आणि पंखा थांबतो. म्हणून पंख्याचा बोर्ड घेण्यापेक्षा ॲल्युमिनियमच्या जाड डबीतला, बिनपंख्याचा बोर्ड घ्यावा. सातपाटी, केळवे, चिंचणी या बाजूला खारी दमट हवा असते आणि पावसाळ्यात चार महिने सर्वत्र ओल असते. तारांचे जोड नुसते पिळून टेप न लावता नीट डाग देऊन, त्यावर तापवून आवळणारी नळी चढवावी. भिवंडी-वाडा-मनोर रस्त्याने ज्याची गाडी जाते त्याने बोर्डाखाली रबराच्या गुट्ट्या घालाव्यात आणि यूएसबीच्या पिना पट्टीने बांधाव्यात. खड्ड्याने बोर्ड सहसा मोडत नाही, पण पिना सैल होतात.

बसवण्याचा क्रम

१) सर्व जोडणी प्रथम घरी टेबलावर करावी आणि बारा व्होल्टच्या सुट्या बॅटरीवर किमान आठवडाभर चालवून पाहावी.
२) गाडीत काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची काळी तार सोडावी.
३) पिवळ्या तारेवर बॅटरीच्या जवळ फ्यूज बसवावा. वर सांगितलेल्या भारासाठी तीन ते पाच अँपिअरचा फ्यूज पुरतो. फ्यूज यंत्राजवळ बसवला तर मधल्या तारेला संरक्षण राहत नाही. तार घासून पत्र्याला लागली की आग तिथेच लागते.
४) अर्थिंग पत्र्याच्या रंगावर न घेता, रंग खरवडून, नट-बोल्टने घ्यावे.
५) एअरबॅगच्या तारांना हात लावू नये. त्यांचे आवरण किंवा कनेक्टरही बहुधा पिवळाच असतो, म्हणून स्टिरिओच्या पिवळ्या तारेशी गल्लत होण्याचा धोका आहे. एअरबॅगच्या झाकणावर पडदा किंवा स्टँड चिकटवू नये.
६) जीपीएसचा रिसीव्हर काचेजवळ, आकाश दिसेल असा ठेवावा. त्याला इंटरनेट लागत नाही. नकाशा आधीच उतरवून घेतला तर मनोरच्या पुढे सिग्नल गेला तरी गाडीची जागा आणि वेळ दोन्ही कळत राहतात.

नोंद कशी असावी?

यंत्र बसवण्याचा मूळ हेतू इथे आहे. एक उदाहरण घेऊ. समजा भिवंडीहून चाळीस तागे, एकूण चार हजार मीटर ग्रे कापड तारापूरच्या प्रोसेस हाउसला पाठवले. तयार होऊन ३,८४० मीटर परत आले. म्हणजे चार टक्के कमी. कापड प्रक्रियेत आकसते हे सर्वांना ठाऊक आहे. बोलणी तीन टक्क्यांची झाली असेल तर ३,८८० मीटर यायला हवे होते. मग हे चाळीस मीटर आकसले, कापले गेले की एखादा छोटा तागा दुसऱ्या कोणाच्या लॉटमध्ये गेला? एकूण मीटरच्या चालानवरून याचे उत्तर कधीच मिळत नाही. प्रत्येक ताग्याला नंबर असेल आणि तो चढताना व उतरताना स्कॅन झाला असेल, तर कोणत्या ताग्यात किती घट आली ते समोर येते. सर्व ताग्यांत सारखी घट असेल तर कापड आकसले. एकाच ताग्यात मोठी घट असेल तर विचारणा करायची जागा सापडली.

म्हणून पडद्यावर फक्त पाच गोष्टी असाव्यात: लॉट नंबर, तागा नंबर, मीटर, चढवला की उतरवला, आणि घेणाऱ्याचे नाव. वेळ आणि ठिकाण जीपीएसवरून आपोआप पडते. बटणे मोठी असावीत आणि चालकाला वाचता येईल त्या लिपीत असावीत. आपल्या भागात चालक मराठी, हिंदी, उर्दू आणि गुजराती असे चारही वाचणारे आहेत आणि काही फक्त आकडा ओळखणारे आहेत. त्यांच्यासाठी हिरवा आणि लाल असे दोन रंग पुरतात. पावतीसाठी थर्मल प्रिंटर लावला तर ती पावती डॅशबोर्डवर ठेवू नये, उन्हाने ती काळी पडते.

ई-वे बिलाचे कामही याच नोंदीतून सोपे होते. महाराष्ट्राच्या आत एक लाख रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल असेल तर ई-वे बिल लागते. सूत, कापड आणि कपडे जॉबवर्कसाठी पन्नास किलोमीटरपर्यंत नेताना २०१८ साली राज्याने सूट दिली. पालघर ते बोईसर हे अंतर त्यात सहज बसते, भिवंडी ते बोईसर बसत नाही. बिलाची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. जॉबवर्कला दिलेला माल एक वर्षाच्या आत परत आला पाहिजे, नाहीतर तो विकला असे धरून कर लागतो. कोणता तागा कुठे आणि किती दिवस पडून आहे हे यंत्र सांगू शकते. नियम बदलत असतात, म्हणून आपल्या कर सल्लागाराला विचारून चालावे.

कायदा आणि जिवाची काळजी

ताशी साठ किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. चालकाने दोन सेकंद पडद्याकडे पाहिले की तेहतीस मीटर गाडी डोळे मिटून गेली. अहमदाबाद महामार्गावर तेवढ्यात काय काय आडवे येते ते वाचक जाणतातच. वाहन चालवताना हातात धरून संपर्काचे साधन वापरणे हे २०१९ च्या दुरुस्तीने धोकादायक वाहन चालवण्यात धरले आहे. २०२० च्या नियमांनी फक्त रस्ता शोधण्यासाठी, लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, साधन वापरण्यास मुभा दिली. चालकाने गाडी चालवताना व्हिडिओ पाहणे तर कुठल्याच कारणाने योग्य नाही.

म्हणून यंत्रात एक कुलूप हवेच. जीपीएसने गाडीचा वेग दाखवला की नोंदीचा पडदा बंद व्हावा आणि फक्त नकाशा राहावा. गाडी थांबली की नोंद उघडावी. प्रोग्राम लिहिणाऱ्यासाठी हे काही ओळींचे काम आहे. ते करून देत नसेल त्याच्याकडून यंत्र घेऊ नये. गाडी वॉरंटीत असेल तर तारा कापण्यापूर्वी विक्रेत्याला लेखी विचारावे आणि तार न कापता जोडणारा कनेक्टर वापरावा. विमा कंपनीलाही बसवलेल्या वस्तूंची माहिती देऊन पॉलिसीत नोंद करून घ्यावी. आग लागल्यावर आधी न सांगितलेली जोडणी निघाली तर दाव्याला अडथळा येऊ शकतो.

चालकाचा हक्क

या यंत्राबद्दल चालकांच्या मनात एक भीती असते की मालक आपल्यावर पाळत ठेवणार. ती भीती चुकीची म्हणता येणार नाही, कारण जीपीएस सर्व काही लिहून ठेवतो. म्हणून बसवण्यापूर्वीच चालकाला समोर बसवून काय नोंदले जाईल ते सांगावे. मालाची नोंद घ्यावी, माणसाची बातमी घेऊ नये. गाडीत मायक्रोफोन बसवू नये. चालक नमाजला, जेवायला थांबला तर त्याचा जाब यंत्राच्या आधारे विचारू नये. उलट हीच नोंद चालकाच्याही कामी यावी. प्रोसेस हाउसच्या दारात गाडी चार तास उभी राहिली तर तो उशीर त्याचा नव्हता हे यंत्रच सांगते. त्याला त्याची नोंद पाहण्याची आणि छापून घेण्याची मोकळीक असावी.

देवाण-घेवाण मुदतीची असेल तर ती लिहून ठेवावी आणि साक्षीदार करावेत, अशी ताकीद कुरआनात सूरह बकरामध्ये आहे. आपल्या बुजुर्ग व्यापाऱ्यांनी ती वहीत पाळली. दुसऱ्याचा माल आपल्या गाडीत असतो तोपर्यंत तो आपल्याकडे अमानत असतो. ती जशीच्या तशी पोहोचवणे हे आपले काम आहे आणि पोहोचवल्याचा पुरावा ठेवणे हे दोन्ही बाजूंच्या भल्याचे आहे. लिहिण्याचे साधन बोरू होते, पेन झाले, आता पडदा झाला. जबाबदारी तीच राहिली.

तरुणांसाठी एक वाट

आपल्या भागात आय.टी.आय. मधून इलेक्ट्रिशियन किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक झालेली अनेक मुले मोबाईल दुरुस्तीच्या एकाच धंद्यात गर्दी करतात. त्यांना डाग देता येतो, मल्टिमीटर वाचता येतो आणि मोबाईलचे प्रोग्रामही समजतात. गाडीची वीज आणि मालाचा हिशोब या दोन गोष्टी ती शिकली, तर बोईसर-तारापूरच्या टेम्पोंमध्ये त्यांना काम आहे. पहिली गाडी घरच्याच कोणाची घ्यावी, ती एक पूर्ण पावसाळा चालवून दाखवावी आणि मगच दुसऱ्याकडे पैसे मागावेत. व्यापारी बांधवांनीही परगावचा तयार स्टिरिओ घेण्याआधी अशा एखाद्या मुलाला बोलावून विचारावे. बिघाड झाला तर दुसऱ्या दिवशी सकाळी तोच गाडीजवळ येऊन उभा राहू शकतो.